पाव्हण्यांचा दोरा

मेलेल्या माणसाला "टेका जरा, लई लांबनं आलात," असं म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. विमानातून शवपेटी उतरली की ते तिला "पाव्हणे आले" म्हणायचे, आणि शेडमधल्या लोकांनी ते नाव त्यांनाच चिकटवून टाकलं. हजेरीपटावर त्यांचं नाव काहीतरी वेगळं होतं, पण ते कुणाच्या तोंडी नव्हतं. साहेबसुद्धा "पाव्हण्यांना बोलवा" असंच म्हणत. पाव्हणे नगरजवळच्या भिंगारचे होते. आधी तिथल्याच लष्करी डेपोत माल चढवायचं काम केलेलं, मग मेव्हण्याच्या ओळखीनं मुंबईत आले आणि विमानाच्या मालाला लागले. रंगानं काळे, खांदे रुंद, आणि आवाज मात्र शाळेतल्या बाईंसारखा हलका.

मी त्या विमान कंपनीच्या सांताक्रूझच्या माल-शेडमध्ये कारकून होतो. ही गोष्ट सत्तर-एकाहत्तरची. मी पुणतांब्याच्या शाळामास्तरांचा मुलगा. मला विमान कंपनीत नोकरी लागली, एवढंच गावाला कळलं होतं. त्यामुळे अर्ध्या गावाला वाटायचं की मी विमान चालवतो, आणि वडीलही तो समज फारसा खोडून काढत नसत. प्रत्यक्षात मी पत्र्याच्या छपराखाली, माशांच्या वासात आणि यंत्रांच्या खोक्यांत उभा असे. आंबे, औषधं, परदेशी प्रयोगशाळांकडे निघालेली माकडं, मोटारींचे सुटे भाग, सगळं तिथून जायचं-यायचं. मी नगर जिल्ह्यातला आहे हे कळल्यावर पाव्हणे पहिल्याच दिवशी म्हणाले, "मंग आपलेच की. पर गोदावरीचं पानी प्यालो म्हनून आमच्यापुढं ऐट न्हाई करायची." त्या दिवसापासून त्यांनी मला पुणतांबेकर म्हणायला सुरुवात केली आणि डब्यातली निम्मी भाकरी माझी झाली.

शवपेटी आली की बाकीचे लोडर जरा लांबून फिरत. पाव्हणे मात्र हातातलं काम टाकून पुढे होत. शेडचा आतला एक कोपरा त्यांनी आपल्या मर्जीनं राखून ठेवला होता. तिथे पेटी न्यायची, पायाची बाजू दक्षिणेकडे येईल अशी फिरवून ठेवायची, आणि मग ओल्या फडक्यानं ती सगळीकडून पुसून काढायची. पुसता पुसता बोलणं चालूच. "धूळ बसलीया बघा. घरी असं जानार का? आता निघतील गाडीवालं, ध्यान ठिवा." कोंबडीची पिल्लं आली असली तर त्यांची भोकं पाडलेली खोकी ते मुद्दाम पेटीजवळ आणून मांडत. तो चिवचिवाट मला सहन व्हायचा नाही. मी एकदा म्हणालो, "पाव्हणे, ही कसली आरास?" तर म्हणाले, "तेवढीच सोबत हो. इतक्या लांबनं एकटं आलंय मानूस."

एका नव्या साहेबानं त्यांना यावरून झापलं. हा माल आहे, माल ठेवायच्या जागी ठेवा, असं त्याचं म्हणणं. पाव्हण्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं आणि त्याच हलक्या आवाजात विचारलं, "सायेब, तुमच्या घरी कोन आलं तर तुमी त्याला चपलांपाशी उभं करता का?"  कोपरा कायम राहिला.

मला तेव्हा या सगळ्याचं हसू यायचं, आणि थोडं बरंही वाटायचं. आपण मेलो आणि कुठल्या तरी शेडमध्ये पडून राहिलो, तर असं कुणीतरी पुसणारं असावं, असं कधीकधी मनात येई. त्या पुसण्यानंच पुढे घात केला.

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात आखातातून एकाच विमानानं दोन पेट्या आल्या. जहाजं दुरुस्त करण्याच्या एका गोदीत बॉयलर फुटून दोन तरुण पोरं गेली होती. एक भानुदास, तिसगावचा, विधवा आईचा एकुलता. दुसरा इब्राहिम, दापोलीकडच्या एका खेड्यातला. पेट्या एकाच सुताराच्या हातच्या, एकाच मापाच्या, आतून पत्र्याच्या, झाळून हवाबंद केलेल्या. वर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या, एवढाच काय तो फरक. सोबतच्या कागदात डॉक्टरचा शिक्का होता की पेटी उघडू नये.

भानुदासचा चुलता ट्रक घेऊन आला होता. पाव्हणे म्हणाले, आपल्या जिल्ह्याचं पोर आहे, मी सोबत जातो. मलाही सुटीवर पुणतांब्याला जायचं होतं, शिवाय पेटी पोचल्याची सही घ्यायला कंपनीचं कुणीतरी लागतच होतं. पहाटे निघालो. चुलता ड्रायव्हरजवळ बसला, आम्ही दोघं मागे पेटीशेजारी. दुसरी पेटी त्याच सुमारास कोकणच्या रस्त्याला लागली होती.

त्या प्रवासात पाव्हण्यांनी भानुदासला सगळा रस्ता सांगत नेलं. "खंडाळा गेला बरं का. आता पुनं... ही घोडनदी, आता आपला जिल्हा लागला." नगर आलं तेव्हा उन्हं चढली होती. भिंगारमध्ये रस्त्याकडेला त्यांची बायको, आम्ही सगळे त्यांना काकू म्हणायचो, तांब्या घेऊन उभी होती. तिनं पेटीवर पाण्याचे चार थेंब शिंपडले, आम्हाला भाकरीचं गाठोडं दिलं आणि पदरानं डोळे पुसत परत गेली. ट्रक पाथर्डीच्या रस्त्याला लागला. करंजीच्या घाटात वळणावर गाडी हळू झाली, तेव्हा पाव्हण्यांनी पेटीवर थोपटलं आणि म्हणाले, "हा करंजीचा घाट, भानुदास. वळखला का?"

आणि ते गप्प झाले. हात तसाच पेटीवर राहिला. मी त्यांच्याकडे पाहिलं तर तोंडावरचं रक्त उतरलेलं. मला वाटलं, उन्हाचा त्रास. पाणी पुढे केलं तर त्यांनी नुसती मान हलवली. पुढे तिसगाव येईपर्यंत त्यांनी पेटीला एकही गाव सांगितलं नाही.

तिसगावात वेशीपाशीच गर्दी होती. पेटी घरासमोर उतरवली. भानुदासची आई, यमुनाबाई, बाहेर आली. ती किंचाळली नाही की ऊर बडवून घेतला नाही. ती सावकाश आली, खाली बसली आणि पेटीच्या फळीवर तळहात टेकवला. "आला का भानू," एवढंच म्हणाली. चुलता म्हणाला, एकदा उघडू या, आईला तोंड तरी दिसू दे. आजूबाजूचे चारजण पुढे झाले. सगळ्यांनी पाव्हण्यांकडे पाहिलं, कारण पेटीबरोबर आलेला माणूस तो. पाव्हण्यांनी तोंड उघडलं, मिटलं, त्या फळीवरच्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाले, "नका उघडू. कागदात लिव्हलंय." मी कागद वाचून दाखवला. लोक मागे सरले आणि पेटीसकट अग्नी दिला. मी सही घेऊन संध्याकाळच्या एसटीनं निघालो, पण पाव्हणे आले नाहीत. चिता विझेपर्यंत ते तिथेच बसून होते, असं नंतर कळलं.

सुटीवरून परतलो तर शेडमधला कोपरा मोकळा होता. पाव्हण्यांनी साहेबाला सांगून आपली बदली फळांच्या बाजूला करून घेतली होती. शवपेटी आली की ते उठून बाहेर जात. फडकं तर त्यांनी हातात धरणंच सोडलं. कुणी विचारलं तर म्हणत, "कंबर दुखती." मी एकटाच असताना एकदा मात्र म्हणाले, "पुणतांबेकर, त्या कोपऱ्यातनं कोन तरी हाक मारल्यागत होतंय. नाव घेत न्हाई. नुसतं 'अहो' म्हनतंय." मी हसून उडवून लावायला गेलो आणि हसू आलंच नाही. त्यानंतर मलाही त्या कोपऱ्याकडे पाठ करून उभं राहवेना. पावसाळा संपायच्या आत त्यांनी नोकरी सोडली आणि भिंगारला गेले. त्यांचा निरोपसमारंभ असा काही झाला नाही. डबा घेऊन नेहमीसारखे दारातून बाहेर पडले, एवढंच.

बहात्तरच्या दिवाळीत गावी जाताना वाट वाकडी करून मी भिंगारला उतरलो. दुष्काळानं सगळा मुलूख होरपळला होता. पाव्हण्यांचं घर लष्करी रस्त्याला लागूनच. दिवसभर ट्रक जायचे. एखाद्या ट्रकनं घरासमोर ब्रेक लावला की पाव्हणे उठून उभे राहायचे, दाराकडे बघायचे आणि ट्रक पुढे गेला की बसायचे. बोलणं चालू असलं तरी उठायचे, हातात घास असला तरी उठायचे. काकू त्यांच्याकडे न बघताच म्हणायच्या, "गेला तो. बसा."

त्या घरात मला आणखी एक गोष्ट दिसली. काकूंनी पाणी दिलं त्या दोन तांब्यांपैकी एकाच्या गळ्याला लाल दोरा होता. खुंटीवर दोन छत्र्या, एकीला दोरा. दोन उशा, एकीच्या कोपऱ्याला दोरा. दारातल्या चपलांच्या दोन जोडांपैकी एकालाही. जे जे जोडीनं होतं त्यातल्या एकाला पाव्हण्यांनी दोरा बांधून ठेवला होता. "काय करावं या मानसाला," काकू म्हणाल्या. "दोन सारख्या वस्तू शेजारी दिसल्या की जीव घाबरा होतो. उद्या माझ्या एका हाताला बी बांधतील." त्या हसल्या, पण डोळे हसत नव्हते.

काकू पाण्याच्या टँकरला गेल्या तेव्हा पाव्हण्यांनी आपणहून सांगितलं. त्या दिवशी शेडमध्ये दोन्ही पेट्या शेजारी ठेवून ते पुसत होते. फडकं जास्त ओलं झालं होतं, खळ भिजली आणि दोन्ही चिठ्ठ्या सुटून हातात आल्या. पेट्या वाळू द्याव्यात म्हणून त्यांनी चिठ्ठ्या बाजूला ठेवल्या, आणि तेवढ्यात ध्यानात आलं की पाय दक्षिणेला नाहीत. म्हणून एकेक पेटी ढकलत फिरवली. मग डावीकडची ती भानुदासची, उजवीकडची ती इब्राहिमची, असं आठवून चिठ्ठ्या लावून टाकल्या. "फिरवताना डावं उजवीकडं गेलं का जाग्यावरच ऱ्हायलं, त्ये ध्यानातच न्हाई आलं. करंजीच्या घाटात म्या त्याला इचारलं, वळखला का. आन मनात आलं, ह्यो दुसराच असला तर? त्यानं कवा बघितलाय करंजीचा घाट?"

"म्हणजे पेट्या बदलल्याच असं नाही," मी म्हणालो. "बरोबरही गेल्या असतील. तुम्हाला खात्री कुठं आहे?"

"खात्री असती तर झोप लागली असती," पाव्हणे म्हणाले.

मग तिसगावात सांगितलं का नाही, हे मी विचारलं नाही, पण त्यांनी ऐकलं असावं. "सांगनार हुतो. तोंड उघडलं हुतं. पर तिनं हात ठिवला हुता पेटीवर. त्यो हात कसा उचलू म्या?"  एवढा दांडगा माणूस माझ्यासमोर लहान मुलासारखा रडला आणि मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. खरं सांगायचं तर मला भीतीही वाटली. ज्याला हिंदूच्या चितेवर जाळलं तो कोण आणि ज्याला कबरीत ठेवलं तो कोण, हे जगात कुणालाच माहीत नाही, आणि माहीत नाही हे फक्त आम्हा दोघांना माहीत आहे, असं त्या घटकेला वाटलं. बाहेर ट्रकनं ब्रेक लावला आणि या वेळी मीही उठून उभा राहिलो.

दर पितृपक्षात ते काय करत तेही त्यांनी सांगितलं. आधी तिसगावला जाऊन यमुनाबाईला भेटायचे. निघताना त्या मूठभर बाजरी बांधून देत. ती घेऊन एसटीनं थेट दापोलीकडे. इब्राहिमचा म्हातारा बाप, जुना खलाशी, त्यांना ओळखू लागला होता. पोराची पेटी सांभाळून धाडणारा माणूस म्हणून चहा पाजायचा, कबरस्तानापर्यंत सोबत यायचा. पाव्हणे कबरीवर बाजरी टाकायचे, पाखरं यायची. परतताना तिथली चिमूटभर माती पिशवीत घ्यायची आणि तिसगावला नेऊन यमुनाबाईच्या तुळशीला घालायची. "भानू कुठं बी असू दे, घरचं दानं त्याला पोचत्यात. आन तिकडं असला तर माती तरी आईपाशी येती. त्या दुसऱ्या पोराचं बी तसंच."

"यमुनाबाईंना काय सांगता?"

"तुळशीला चांगली असती, म्हनतो. औंदा तर बाजरी न्हाई म्हनून रेशनची लाल मिलो जवारी दिली तिनं. म्हनली, हीच टाका पाखरांना."

पाखरांना, असं ती म्हणाली, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही. त्यांच्याही आलं नसावं, किंवा आलं असेल तर त्यांनी मला सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी पितृपक्षात ते कोकणातून ताप घेऊनच आले आणि त्यातच गेले. मला पत्र उशिरा मिळालं. मी भिंगारला गेलो तेव्हा दारात दोरा बांधलेला चपलांचा एकच जोड होता, दुसरा नव्हता. काकूंनी आतून एक कापडी पिशवी आणून माझ्या हातात दिली. "तिसगावला न्यायची ऱ्हायली बगा त्यांची. जाता जाता मला म्हनाले, पुणतांबेकरला सांग. काय हाय त्यात, म्या न्हाई बघितलं." मला माहीत होतं. पिशवी फार हलकी होती. करंजीचा घाट येईपर्यंत मी ती मांडीवर धरून बसलो होतो. घाटात एसटी वळणावर हळू झाली तेव्हा माझ्या तोंडून काहीतरी निघणार होतं, ते मी गिळलं.

यमुनाबाई अंगणातच होत्या. केस आता सगळे पांढरे. पाव्हणे गेल्याचं सांगितलं तशा त्या पायरीवर बसल्या. मी पिशवी पुढे केली. त्यांनी तिची गाठ सोडली, आतली तांबडी माती तळहातावर घेतली आणि उठल्या. अंगणाच्या कडेला रॉकेलचे दोन डबे शेजारी शेजारी होते, दोन्हींत तुळशी, एकाच उंचीच्या, जुळ्यांसारख्या खेटून उभ्या. काळ्या मातीवर तांबड्या मातीची साय दिसत होती. यमुनाबाईंनी निम्मी माती एका डब्यात घातली, निम्मी दुसऱ्यात. मग हाताला लागलेली झटकली तीही दोन्हींवर.

 त्या पेट्यांनंतर पाव्हण्यांनी शेजारी ठेवलेल्या दोन वस्तू दोऱ्यावाचून सोडल्या नव्हत्या. या दोन डब्यांपैकी एकालाही दोरा नव्हता.

"दोन तुळशी?" मी विचारलं.

"एक भानूची," त्या म्हणाल्या. "एक त्या दुसऱ्याची. आता कोनती कोनाची, त्ये मला बी ठाव न्हाई."

 त्यांनी तांब्याभर पाणी आणून दिलं आणि माझं पिऊन होईपर्यंत थांबल्या.

"पेटी उघडू नका म्हनताना त्यांनी माझ्या तोंडाकडं न्हाई बघितलं. माझ्या हाताकडं बघितलं. तवाच काय तरी आत हललं. मंग पयल्या साली माती आनली. आमच्याकडं लाल माती कुठली, बाबा? दुसरी पेटी कोकनात गेली, ह्ये दीर सांगत हुता. कुठनं तरी लांबनं आनली, आन डोळं खाली घालून घातली. म्या म्हनलं, असंल. म्या न्हाई इचारलं, त्यांनी न्हाई सांगितलं. दुसऱ्या साली म्या ही दुसरी लावली. त्यांनी बघितली. खिशातनं दोरा काढला हुता एकीला बांधाया. म्या हात धरला. म्हनलं, ऱ्हाऊ द्या. दोघी बी माझंच पानी पित्यात."

दुष्काळाच्या त्या साली पाण्याचा टँकर गावात कधी येई, कधी नाही, हे मला माहीत होतं. त्या दोन्ही तुळशी हिरव्यागार होत्या.

निघायची वेळ झाली तेव्हा यमुनाबाई आत गेल्या आणि तीच रिकामी कापडी पिशवी भरून घेऊन आल्या. या वर्षी मात्र पाऊस झाला होता, नवी बाजरी होती. पिशवीचं तोंड त्यांनी गाठ मारून बांधलं आणि माझे दोन्ही हात धरून त्यांवर ठेवली.

"तिकडं पाखरांना टाका," त्या म्हणाल्या. "आन माती तेवढी आनत जा, पाव्हनं."